नदीकाठी तंबू कुठे ठोकायचा, ते एकदा नीट सांगा

संपादक महोदय,
स. न.

पत्र थोडं लांब झालंय, जमलं तर सगळं छापा, नाही तर जागेप्रमाणे कापा, पण नदीच्या पाण्याबद्दलचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

दिवाळी झाली की आपल्याकडे हवा पालटते, पहाटे जरा थंडी पडायला लागते आणि मोबाईलवर ते फोटो यायला सुरुवात होते. नदीच्या काठावर पिवळे-निळे तंबू, मध्ये शेकोटी, वर चांदणं, आणि खाली लिहिलेलं, नॅशनल पार्कमध्ये एक रात्र, जेवणासकट. यंदा आमच्या घरच्या मुलांनी हट्टच धरला की नाताळच्या सुट्टीत गोव्यातल्या मोलेच्या जंगलात जायचं आणि नदीकाठी तंबूत राहायचं. मोठी माणसं नऊ, मुलं सहा, त्यात सगळ्यात धाकटी माझी भाची सात वर्षांची. मी फोंड्याला असते पण माझं माहेर मोलेजवळच्या कुळेचं, बाबा रेल्वेत गँगमन होते, घाटातल्या लाइनवर सगळी नोकरी गेली त्यांची, त्यामुळे घरच्यांनी सगळं ठरवायचं काम माझ्यावरच सोपवलं. म्हटलं आपलंच गाव, दोन फोन केले की झालं. तसं काही झालं नाही, आणि गेल्या तीन आठवड्यांत जे बघितलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न साधा होता, मोलेच्या जंगलात नदीकाठी रात्री राहायला सामान्य माणसाला परवानगी मिळते का, मिळत असेल तर कुठे आणि ती कोण देतं. फोन केला एका ऑफिसात, त्यांनी दुसरीकडे विचारा म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी सांगितलं ऑनलाइन बघा, ऑनलाइन बघितलं तर धबधब्याची माहिती मिळते, जीपची मिळते, तंबूबद्दल एक ओळ नाही. कोणी उद्धट बोललं असं नाही हं, सगळे नीटच बोलले, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. आणि खाजगी कॅम्पवाल्याला मेसेज टाकला तर दोन मिनिटांत फोटो, रेट आणि पैसे पाठवायचा नंबर हजर. मग लोक कुठे जाणार सांगा.

यात मुळात घोळ असा आहे की आपण सगळ्यालाच मोलेचं जंगल म्हणतो. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून साधारण २४० चौरस किलोमीटरचं रान आहे, त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, गोव्यातलं हे एकच राष्ट्रीय उद्यान. पण या रानाला लागून आणि काही ठिकाणी रानाच्या पोटातच गावं आहेत, शेतं आहेत, लोकांची भाटं म्हणजे बागायती आहेत. म्हणजे नदीच्या एका काठावर कायदा एक आणि पलीकडच्या काठावर दुसरा असं होऊ शकतं, आणि बाहेरून आलेल्या माणसाला ते डोळ्यांनी दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, जंगलाला धोका होईल अशी आग पेटवता येत नाही, कचरा टाकता येत नाही, जनावरांना त्रास देता येत नाही. जाहिरातीतली ती शेकोटी नेमकी कुठल्या काठावर पेटलेली असते हे मला कोणी सांगू शकलं नाही.

तरी आम्ही एका कॅम्पवाल्याकडे बुकिंग केलं. नाव लिहीत नाही, कारण असा तो एकटा नाही. अर्धे पैसे ॲडव्हान्स भरले. मग मी परवान्याची कॉपी मागितली तर उत्तर आलं, मॅडम सगळं ऑफिशियल आहे, टेन्शन घेऊ नका. परत मागितली, मेसेज बघितल्याची निळी खूण आली पण उत्तर आलं नाही. म्हणून एका रविवारी मी, माझा दादा आणि बाबा, तिघं जागाच बघायला गेलो. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, तरी येतो म्हणाले.

जागा सुंदर होती यात वाद नाही. पाणी काचेसारखं, तळातले गोटे मोजावेत इतकं स्वच्छ, पलीकडच्या काठावर बांबूची बेटं, कुठेतरी आत शिळकरी कस्तुराची शीळ चाललेली. तंबू ओळीने लावलेले होते, सपाट गोट्यांवर आणि वाळूवर, पाण्यापासून जेमतेम दहा पावलं. मी फोटो काढत होते, दादा कॅम्पवरच्या पोराशी बोलत होता. बाबा मात्र तंबूंकडे बघतच नव्हते, ते झाडांकडे बघत होते. मग मला हाक मारली आणि काठीने वर दाखवलं. काठावरच्या करंजाच्या फांदीला, माझ्या डोक्याच्या वर हातभर, सुकलेला पाला, काटक्या, सुंभाचा एक तुकडा आणि दुधाची फाटकी पिशवी असा सगळा गोळा गुंतून बसला होता, लांबून एखाद्या पक्ष्याचं घरटं वाटावं असा. बाबा म्हणाले, "अगो बाय, ते घरटं नव्हे. यंदाचं पाणी तिथपर्यंत आलेलं."

मी मान वर करून बघितलं आणि मग खाली तंबूंकडे बघितलं. ते तंबू नदीच्या काठावर नव्हतेच, ते नदीत होते. पाणी उतरलं म्हणून तेवढा भाग कोरडा दिसत होता इतकंच. एकदा ते ध्यानात आलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं, झाडांच्या बुंध्यांवर चिखलाची एकसारखी रेघ, सगळी झुडपं एकाच दिशेला लवलेली, मुळं उघडी पडलेली. त्या पोराला विचारलं तर तो म्हणाला पावसाळ्यात आम्ही बंद ठेवतो, आता पाऊस गेला ना. चांगला पोरगा होता, वीस-बावीसचा, राग त्याच्यावर नाही माझा, त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

पाऊस गेला म्हणजे काय ते मी स्वतः अनुभवलंय. मी अकरा वर्षांची असताना ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही चुलत-मावस भावंडं मिळून नदीवर झोपायला गेलो होतो, तंबू वगैरे नव्हता तेव्हा, गोधड्या आणि एक कंदील. बाबा सोबत होते. झोपायच्या आधी त्यांनी पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवली. कशाला विचारलं तर म्हणाले नदीवर राहायचं तर ही पहिली रोवायची, मग अंथरूण. आमच्यावर आकाश स्वच्छ होतं, चांदण्या दिसत होत्या, फक्त लांब घाटावर वीज चमकत होती, आवाज नाही, नुसता उजेड. मध्यरात्री कधीतरी बाबांनी ओरडून उठवलं, "उदक चडलां, उठात!" काठी दिसतच नव्हती. पाणी पायाशी आलेलं नव्हतं अजून, पण नदीचा आवाज बदलला होता, आधी खळखळ होती ती जाऊन आतून गडगड ऐकू यायला लागली होती, तळातले गोटे एकमेकांवर आपटत पुढे जातात त्याचा तो आवाज. आम्ही गोधड्या उचलल्या आणि वर धावलो, माझी एक चप्पल तिथेच राहिली. सकाळी बघितलं तर जिथे झोपलो होतो तिथे चहाच्या रंगाचं पाणी होतं, वर पाला आणि फेस. आमच्या अंगावर रात्रभर पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता.

हे कसं होतं ते समजून घ्यायला हवं. दूधसागर धबधबा तीनशे दहा मीटरवरून खाली येतो, आणि त्याचं पाणी वरून, कर्नाटकाच्या बाजूच्या डोंगरातून येतं. तिकडे संध्याकाळी दोन तास जोराचा पाऊस झाला की ते पाणी उतारावरून खाली यायला फार वेळ घेत नाही. परतीचा पाऊस ऑक्टोबरात असतो, आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की नोव्हेंबर-डिसेंबरात पण एखादा दिवस झोडपून काढतो. म्हणून नदीकाठी कॅम्प करणाऱ्याने आपल्या डोक्यावरचं आकाश बघून चालत नाही, घाटावरचं बघायला लागतं. २०२३ च्या जुलैमध्ये सत्तरी तालुक्यात पाळीच्या धबधब्यावर दीडशेच्या आसपास माणसं पाणी वाढल्यामुळे अडकली, त्यांची सुटका करावी लागली, हे सगळ्यांनी वाचलंय. ती दिवसाउजेडी, जागी असलेली माणसं. रात्री तंबूत चेन लावून झोपलेल्या माणसांचं काय?

आता तुम्ही म्हणाल मग बंदीच घाला ना. बऱ्याच लोकांचं तेच म्हणणं असतं, आणि अपघात झाला की तेवढ्यापुरती बंदी येते पण. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. नदीकाठी राहायला एक तरी रीतसर जागा द्या. ती नसल्यामुळेच माणसं पात्रात जाऊन झोपतात.

शेजारी बघा. घाटावरच्या कॅसलरॉक स्टेशनच्या पलीकडे काळी नदीचं जंगल लागतं, काळी व्याघ्र प्रकल्प, तिथे दांडेलीजवळ कुळगीला कर्नाटकाच्या वनखात्याचा नेचर कॅम्प आहे, तंबू आहेत, जेवण आहे, नियम आहेत. आमचे कितीतरी लोक गोव्यातून उठून तिकडे जातात आणि आपलं जंगल इथे पडून. उत्तरेत रामगंगेच्या काठचं कॉर्बेट घ्या, १९३६ चं, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, तिथे ढिकालाला रात्री राहता येतं पण फक्त वनखात्याच्या विश्रामगृहात, बुकिंग करून, आणि मनाला येईल तसं बाहेर पायी भटकायचं नाही. आपल्याकडे बोंडल्याला वनखात्याची कॉटेजेस आहेतच की. म्हणजे आपल्या लोकांना हे जमत नाही असं नाही.

मला जे हवंय ते फार मोठं नाही. मोले गेटच्या किंवा कुळेच्या बाजूला, जिथे आधीच झाडं नाहीत अशी मोकळी जागा, पुराच्या रेषेच्या चांगली वर, तिथे दहा-बारा तंबू. झाड तोडायचं नाही, काँक्रीट ओतायचं नाही, डीजे नाही, मोठे दिवे नाहीत. संडास पाण्यापासून लांब. जेवण गावच्या बायकांच्या मंडळाने करावं, उकड्या तांदळाचं, खतखतं, सोलकढी, जे घरी करतो तेच, पनीर टिक्का कशाला हवाय तिथे. सोबतीला गावची पोरं गाइड म्हणून, आणि त्यांना सापाचं, नदीचं, प्रथमोपचाराचं नीट ट्रेनिंग आणि ओळखपत्र. त्या कॅम्पवर दिसलेला पोरगाच घ्या ना, त्याला रीतसर शिकवून घेतलं तर तो तंबू कधीच पात्रात लावणार नाही. आणि एका खांबावर रंगाने आखून ठेवा, या साली पाणी इथपर्यंत आलं होतं. शंभर सूचनांपेक्षा ती एक रेघ लोकांना लवकर कळेल.

निरोपाची सोय पण अवघड नाही. बाबांच्या वेळी कॅसलरॉक, करंझोळ, दूधसागर, सोनावली, कुळे अशी वरून खाली स्टेशनं, वर पाऊस लागला की स्टेशनच्या फोनवरून खाली कळायचं, लाइनवर दरड येते म्हणून गँगला सावध राहावं लागायचं. बाबा सांगतात करंझोळला पाऊस म्हटलं की आम्ही इथे बायकांना नदीवर कपडे धुवायला जाऊ नका म्हणून निरोप धाडायचो. तेव्हा मोबाईल नव्हते तरी जमत होतं. आता वर घाटात पाऊस मोजायचं एखादं यंत्र बसवून खाली कॅम्पवर आणि जीपवाल्यांना मेसेज जाईल अशी सोय करायला कितीसा खर्च येणार?

आणखी एक, आणि हे मी फोंड्याची म्हणून लिहिते. दूधसागरहून येणारं पाणी पुढे खांडेपार नदी होऊन वाहतं आणि त्यावर ओपाचा पाण्याचा प्रकल्प आहे. फोंड्याच्या नळाला आणि तिसवाडीत, पणजीच्या नळाला जे पाणी येतं ते तिथून येतं. पुढे हीच खांडेपार मांडवीला मिळते. म्हणजे वीकेंडला मोलेत नदीवर कोणी साबण लावून अंघोळ केली, भांडी घासली, पाण्याच्या कडेला शौचाला बसला, तर ते पाणी शेवटी आपल्याच घरी येणार आहे, शुद्धीकरण होऊन येतं हे खरं, पण घाण मुद्दाम का घालायची त्यात. म्हादईसाठी, म्हणजे ह्याच मांडवीसाठी, आपण कर्नाटकाशी भांडतो, मोर्चे काढतो, काढायलाच हवेत, पण मग तिच्या काठावर प्लास्टिकच्या प्लेटी टाकून कसं चालेल. त्या दिवशी कॅम्पच्या मागे एक खड्डा होता, अर्धवट जळालेल्या बाटल्या, कांद्याची सालं, डायपर. पहिल्या पुरात तो खड्डा रिकामा होणार आणि ते सगळं ओपाच्या दिशेने जाणार.

शेकोटीचं पण तेच. डिसेंबरनंतर पानगळ सुरू होते, रानात पाऊलभर सुका पाला साठतो. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर आगी लागल्या होत्या तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टरं बादल्यांनी पाणी ओतत फिरत होती, ते दृश्य माझ्या मुलांनी टीव्हीवर बघितलंय. त्या आगींचा कॅम्पिंगशी संबंध होता असं मी म्हणत नाही, पण आपलं रान किती पटकन पेटतं ते तरी त्यातून समजलं पाहिजे. थंडी वाजली तर स्वेटर घाला, गोव्यातली थंडी ती केवढी.

जे लोक यंदा जाणारच आहेत त्यांच्यासाठी, मी जे जे विचारून घेतलं त्यातलं थोडं सांगते. रानात जाताना गोचिडांचं ध्यान ठेवा. माकडताप, म्हणजे केएफडी, हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासानूरच्या रानात पहिल्यांदा सापडला, आपल्या सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण आहेत, काही जण दगावलेत सुद्धा. तो गोचिडाच्या चाव्यातून होतो, आणि त्याचा सीझन साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे आपल्या कॅम्पिंगचाच सीझन. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, सुक्या पाल्यावर नुसतं बसायचं लोळायचं नाही, अंगाला गोचीड लागू नये म्हणून मिळतं ते औषध लावायचं, आणि परत आल्यावर कपडे गरम पाण्यात घालून मुलांच्या काखा, कानामागे, गुडघ्याच्या मागे नीट तपासायचं. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लगेच आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं. आणि नंतर आठ-दहा दिवसांत सणकून ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी रानात जाऊन आलोय. लोक हे सांगतच नाहीत, मग आधी भलत्याच तापाचे उपचार होतात.

दुसरं सापाचं. मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बऱ्याचदा चावलेलं समजतच नाही, दुखत नाही फारसं, सुजत नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं, डोळ्यांच्या पापण्या जड होतात. तंबूची चेन दोन मिनिटांसाठी सुद्धा उघडी ठेवू नका, बूट घालायच्या आधी झटकून घ्या, रात्री उठलात तर टॉर्च. आणि काही झालं तर मांत्रिक नको, चिरा नको, करकचून दोरी बांधणं नको, माणसाला हलू न देता सरळ १०८ आणि हॉस्पिटल. कुळेहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पोचायला दीड-दोन तास जातात, फोंड्याचं हॉस्पिटल त्याच्या आधी लागतं. यात खरी अडचण अशी की नदीच्या खोलगट भागात फोनला रेंज नसते. कुठल्या वळणापर्यंत रेंज आहे ते दिवसाउजेडीच बघून ठेवा. आम्ही त्या रविवारी चालत बघितलं, तंबूंच्या जागी एक काडी नव्हती, वर रस्त्याला आल्यावर मग दोन आल्या.

गव्याबद्दल सांगायला नको, आपला राज्यप्राणी आहे, दिसला की सगळे मोबाईल घेऊन पुढे धावतात. धावू नका. तो शांत उभा दिसतो म्हणजे माणसाळलेला नसतो. माकडांना केळी देऊ नका, नाही तर ती तंबू फाडून आत येतात आणि मग आपणच त्यांच्या नावाने ओरडतो.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. २०२० मध्ये मोलेसाठी लोक उभे राहिले, रेल्वेचं दुपदरीकरण, हायवे, विजेची लाइन, तीन प्रकल्प एकदम येत होते. चांदरला रेल्वे फाटकावर लोकांनी रात्र काढली. माझ्या ओळखीची कॉलेजची पोरं पोस्टर रंगवत होती ज्यांनी तोपर्यंत मोलेचं रान आतून बघितलेलं नव्हतं. मग मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. बाबांनी रेल्वेत जन्म घालवला, रेल्वे त्यांचं दैवत, तरी त्या दिवशी ते बरं झालं म्हणाले, कारण तो डोंगर कापला तर किती ढासळतो ते त्यांनी हातात फावडं घेऊन बघितलंय. ज्या पोरांनी हे जंगल न बघता त्याच्यासाठी घसा कोरडा केला त्यांना तिथे एक रात्र रीतसर राहायची सोय आपण देऊ शकत नाही? धबधबा बघायचा तर जीपने जायचं, लाइफ जॅकेट घालायचं, तासाभरात परत. तेही हवंच, त्यावर कुळेतली कितीतरी घरं चालतात. पण रान कळायला रात्र लागते. रात्री नदीचा आवाज ऐकून झोपलेलं मूल मोठेपणी त्या नदीत पिशवी टाकणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आमच्या प्लॅनचं सांगायचं तर आम्ही ते बुकिंग रद्द केलं. ॲडव्हान्स अजून परत आलेला नाही, येईल तेव्हा येईल. आता ठरलंय असं की दोन तंबू फोंड्याच्या एका ओळखीच्याकडून भाड्याने घ्यायचे आणि कुळेत दादाच्या अंगणात ठोकायचे, अंगणातून नदीचा आवाज येतो. दिवसा परवाना काढून दूधसागर, दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्ल, तिथे महादेवाच्या देवळाच्या बाजूने खाली नदीवर उतरायला पायऱ्या आहेत, मुलांना कदंबांच्या काळचं ते काळ्या दगडाचं देऊळ दाखवायचंच आहे. धाकटी जरा हिरमुसली, तिला जंगलातच झोपायचं होतं. बाबांनी तिला सांगितलंय की संध्याकाळी नदीवर नेऊन काठी कशी रोवायची ते शिकवतो.

नाताळला अजून चार आठवडे आहेत. तुमच्या पेपरमार्फत वनखात्याला आणि पर्यटन खात्याला एवढीच विनंती, की मोलेत नदीकाठी रात्री राहायला परवानगी आहे का, असेल तर नेमकी कुठल्या जागी, ती कोण देतं, आणि खाजगी कॅम्पवाल्याकडे कुठला कागद बघायला मागायचा, हे चार ओळींत मराठी आणि कोंकणीतून जाहीर करा, सोबत फोन उचलला जाईल असा एक नंबर द्या, आणि सुट्टी सुरू व्हायच्या आधी पात्रात लावलेले तंबू वर घ्यायला लावा.

आपली,
एक वाचक, फोंडा
(माहेर कुळे)